कॅलेंडरमागची भिंत

जाहिरात तुम्ही पाहिलेली आहे. मोठा हॉल, पाहुणे यायची वेळ. सोफ्यामागच्या भिंतीला पोपडे आलेत आणि घरातली बाई (बहुतेक वेळा बाईच) त्यांच्यापुढे घाईघाईने फुलदाणी सरकवते आहे. बेल वाजते. आलेल्यांपैकी कुणीतरी नेमकं तिथेच बोट ठेवतं, सगळ्यांचे चेहरे पडतात. मग एक डबा येतो, रोलर फिरतो, आणि पुढच्या दृश्यात भिंतीवर फेकलेलं पाणी मण्यांसारखं घरंगळून जातं. पाहुणे खूश, सासू खूश. टीव्हीवर याला तीस सेकंद लागायची, रीलमध्ये पंधरा पुरतात.

मी या प्रकाराची सराईत प्रेक्षक आहे. 'भिंतीची ओल कशी घालवावी' हे मी इतक्या वेळा शोधलंय की मी माणूस नसून पडकी भिंत आहे, असा माझ्या फोनचा समज झाला असावा. झोपायच्या आधी स्क्रोल करताना कुणाला मांजरं दिसतात, कुणाला बिर्याणी. मला पोपडे दिसतात. तेव्हा एखादी कथा किंवा सिनेमा आपण जितक्या गांभीर्याने तपासतो, तितक्याच गांभीर्याने या जाहिराती आणि रील्स तपासायचं मी ठरवलं. कारण सांगते. या पंधरा-तीस सेकंदांवर विश्वास ठेवल्यामुळे आमच्या घरातली एक खोली गेली, आणि त्या खोलीबरोबर आजीही घराबाहेर गेली.

घर कृष्णाकाठच्या एका जुन्या पेठेतलं. पणजोबांनी 1930च्या दशकात बांधलेलं. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर बारीक, चपट्या विटांच्या चौदा इंची भिंती, सांधे चुन्याचे, वर कौलं. रस्त्याकडेची डावीकडची खोली आजीची. तिथे तिची खाट, एक ट्रंक आणि भिंतीवर 'कालनिर्णय'. ओल त्या भिंतीला तेव्हाही होती, पण गुडघ्याच्या खाली, ट्रंकेमागे. दर दिवाळीच्या आधी आजोबा तिथला भुगा झाडून काढायचे आणि चुना मारायचे. 2019मध्ये माझ्या नोकरीचे पैसे हातात आले आणि मी म्हणाले, दरवर्षी कसलं रंगवत बसायचं, एकदाच काय ते करून टाकू. 'कायमचं' हा शब्द मी जाहिरातीतून उचलला होता. आतून जुना गिलावा काढून सिमेंटचा केला, त्यात वॉटरप्रूफिंगचं रसायन घातलं, तीन फुटांपर्यंत टाइल्स लावल्या, वर प्लास्टिक पेंट. खोली दवाखान्यासारखी चकाचक झाली. आजीने टाइल्सवरून हात फिरवून 'गार आहे' एवढंच म्हटलं. ते कौतुक होतं असं मी धरून चालले.

पहिला पावसाळा छान गेला. 2021च्या पावसाळ्यात टाइल्सच्या वर, छातीच्या उंचीवर, फुगवटे आले. श्रावणात 'कालनिर्णय'ची पानं पापडासारखी सादळली आणि मागे कागद भिंतीला चिकटला. पानामागचा एका मोठ्या लेखकाचा लेख काळ्या ठिपक्यांखाली गेला. म्हणजे आधी जी ओल ट्रंकेमागे लपत होती, ती आता कॅलेंडरमागे लपवावी लागत होती. आजीला दमा आहे. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाच्या तक्रारी जास्त आढळतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2009मध्ये याच विषयावरच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलेलं आहे. आमच्या डॉक्टरांनी ते कमी शब्दांत सांगितलं. 2022च्या दिवाळीनंतर आजी काकाकडे पुण्याला फ्लॅटमध्ये गेली.

आता पुन्हा ती जाहिरात पाहू. तिच्यातलं पाणी कुठून येतं? समोरून येतं. कॅमेऱ्याच्या बाजूने कुणीतरी ग्लासभर किंवा बादलीभर पाणी भिंतीवर फेकतं. खऱ्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर कुणी पाणी फेकत नाही. तिथे पाणी खालून, मागून किंवा वरून येतं. म्हणजे जो प्रश्न कुणी विचारलेला नाही, त्याचं उत्तर ती जाहिरात अगदी चोख देते. आणि त्या घरंगळणाऱ्या थेंबांकडे नीट पाहिलं, तर तिचा पुरावा तिच्यावरच उलटतो. ज्या थरातून पाणी आत जाऊ शकत नाही, त्यातून ते बाहेर तरी कसं येणार?

वीट म्हणजे हजारो बारीक नळ्या. दिव्यातली वात जशी तेल वर ओढते, तशी वीट आणि सांध्यातला चुना जमिनीतलं पाणी वर ओढतात. पण वात जळते म्हणून तेल चढत राहतं. भिंतीत जळण्याचं काम हवा करते. भिंतीच्या दोन्ही अंगांनी पाणी वाफ होऊन उडत असतं. खालून जितकं चढतं तितकंच उडालं की ओलीची रेघ त्या उंचीवर थांबते. आमच्याकडे ती गुडघ्यापाशी थांबली होती, कदाचित पन्नास-साठ वर्षं. मी आतली बाजू सिमेंट आणि टाइल्सनी बंद केली. पाणी थांबलं नाही, उडायची जागा मिळेपर्यंत चढत राहिलं. ती जागा टाइल्स संपल्यावर, छातीपाशी मिळाली. तिथला प्लास्टिक पेंटचा पापुद्रा त्याने फुगवून फोडला.

पाण्याबरोबर मीठही चढतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, विटेच्या बारीक छिद्रांत त्याचे खडे बनतात आणि ते खडे फुगून विटेचा पृष्ठभाग आतून फोडतात. भिंतीच्या तळाशी जमणारा तो पांढुरका भुगा म्हणजे मीठ आणि वीट यांचं मिश्रण. आजी त्याला लोणा म्हणते. आमच्या शेजारी पूर्वी गोठा होता, म्हणजे जमिनीत जनावरांच्या मुतातले नायट्रेटही आलेच. अशाच वस्त्यांच्या, गोठ्यांच्या मातीतून बिहारमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सोरा काढला जात असे आणि ईस्ट इंडिया कंपनी तो बंदुकीच्या दारूसाठी जहाजं भरभरून नेत असे. हे वाचल्यापासून मला आमच्या भिंतीबद्दल थोडा आदर वाटायला लागलाय. यातली काही मिठं हवेतलं पाणीही ओढून घेतात. म्हणून खालचा स्रोत बंद झाला तरी अशी भिंत आषाढात नुसत्या दमट हवेने ओली दिसू शकते, आणि आपल्याला वाटतं, परत गळायला लागलं.

यातलं जाहिरातीत काही नाही, याची माझी तक्रार नाही. तीस सेकंदांत कोण काय सांगणार. माझी तक्रार तिच्या शब्दांबद्दल आहे. तिच्यात ओल हा डाग आहे आणि भिंत ही कातडी. म्हणून सगळा इलाज सौंदर्यप्रसाधनाच्या भाषेत येतो: लावा, विसरा. आणि त्या इलाजाला धार येते ती लाजेमुळे. ओल म्हणजे घरातल्या बाईचा गाफीलपणा, ही गोष्ट न बोलता सांगितली जाते. फुलदाणी सरकवणारा पुरुष मला आजवर एकाही जाहिरातीत दिसलेला नाही.

खरं तर 'ओल' हा आपल्या भाषेत मुळात लाजेचा शब्द नाही. शेतकऱ्याला विचारा. जमिनीत ओल आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलतो. मायेचा ओलावा असतो, गळा ओला होतो, आणि ज्याला काही भिडत नाही तो कोरडा पाषाण. भाषेचं माप ओलीच्या बाजूने झुकलेलं आहे, एकट्या घराच्या भिंतीपुरतं ते उलटं होतं. शेतीत आणखी एक शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही नसते आणि ढेकूळही नसते, तिच्यात पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात, पेरायला तयार अशी ती अवस्था. जुन्या विटेच्या भिंतीला जे हवं असतं, त्याला वाफशाहून जवळचा शब्द मला सापडलेला नाही. पूर्ण कोरडी जुनी भिंत नसतेच. पाणी येतं, जातं, आणि दोन्हींचा मेळ बसलेला असतो.

आपल्या साहित्याने मात्र भिंतीच्या ओलीकडे फारसं पाहिलेलं नाही, असं मला वाटतं. पाणी आपल्याकडे पाऊस म्हणून येतं, नाहीतर पूर म्हणून. कुसुमाग्रजांच्या 'कणा'मध्ये नदी घरात शिरते आणि निघून जाते, एका रात्रीचा संहार. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (1985) वाड्याची पडझड आहे, पण ती वाचताना आपण सगळे ताबडतोब घराण्याच्या, व्यवस्थेच्या पडझडीकडे वळतो. नाटक तसंच वाचायला हवं, यात शंका नाही. पण आपल्याला सवयच अशी लागली आहे की भिंत खचताना दिसली की लगेच तिचं प्रतीक करायचं आणि भिंतीला भिंत म्हणून पाहायचं राहून जायचं. दर वर्षी बोटभर चढणारी ओल नाट्यपूर्ण नसते. तिला प्रवेश नाही, निर्गमन नाही. म्हणून तिच्यावर लिहायचं काम रंगाच्या डब्यांवर सोडलं गेलं.

इंग्रजांच्या देशात उलट आहे. तिथे या विषयावर विनोदी मालिकासुद्धा आहे. 1974 ते 1978 या काळात चाललेल्या तिच्या नावाचाच अर्थ 'चढती ओल' असा होतो, आणि नायक एक कळकट घरमालक आहे. तिथे वादही जोरात चालतो. जेफ हॉवेल यांचं 'द रायझिंग डॅम्प मिथ' (2008) हे पुस्तक म्हणतं की, जमिनीतून चढणारी ओल म्हणून जे निदान केलं जातं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. खरा दोषी फुटका पाइप, तुंबलेली पन्हळ किंवा घरातल्या वाफेचं गार भिंतीवर झालेलं दव असतं. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. कंपनीचा माणूस मीटर घेऊन येतो, दोन टाचण्या भिंतीला टेकवतो, मीटर किंचाळतं आणि बिल तयार होतं. पण ही मीटरं मुळात लाकडातला दमटपणा मोजायला बनवलेली असतात. ती विजेचं वहन मोजतात, आणि भिंतीत मीठ असलं तरी त्यांचा आकडा उड्या मारतो. आमच्याकडेही असा मीटरवाला येऊन गेला. त्या यंत्राच्या आवाजाला घरातली मोठी माणसं इतकी घाबरली की मला हॉवेल तेव्हाच वाचायला हवे होते असं वाटलं. पण त्यांचा सरसकट सूर मला पटत नाही. आमच्या भिंतीत पाणी खालूनच चढत होतं. प्रश्न एवढाच होता की साठ वर्षं गुडघ्यापर्यंत थांबणारं पाणी मुळात वाढलं कशामुळे. त्याचं खापर मी एकट्या माझ्या सिमेंटवर फोडत होते, आणि तेही पुरतं बरोबर नव्हतं.

उत्तर एका फोटोत होतं. बाबांच्या मुंजीचा फोटो, दारासमोर काढलेला. बटू मध्ये, आजोबा मागे आणि समोर मंडळी पायऱ्यांवर बसलेली. पायऱ्या तीन. मी फोन घेऊन दारात गेले, फोटो आणि दार समोरासमोर धरलं. पायरी एकच उरली होती. बाकीच्या दोन कुणी चोरल्या नव्हत्या, त्या रस्त्याखाली होत्या. खडीवर डांबर, डांबरावर डांबर, मग काँक्रीट, आणि कुठल्याही वेळी आधीचा थर खरवडलेला नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या पेठेत चालत जा, दारांच्या चौकटी रस्त्यात बुडालेल्या दिसतील.

यात जोतं गेलं. जोतं हा पणजोबांचा वॉटरप्रूफिंगचा डबा होता. आपला काळा कातळ घट्ट असतो, विटेच्या मानाने तो पाणी जवळजवळ पीतच नाही. म्हणून आधी दोन-अडीच फूट दगड आणि मग वीट. जमिनीचं पाणी दगडापाशीच बरंचसं अडतं, आणि सांध्यांतून वर येतं तेवढंच विटेला झेपावं लागतं. रस्ता चढत चढत विटेपर्यंत आला आणि वीट सरळ मातीला टेकली. त्यात पन्हळीचा जोड निखळलेला. भर पावसात छत्री घेऊन मी पंधरा मिनिटं बाहेर उभी राहिले, तेव्हा दिसलं की अर्ध्या छपराचं पाणी बरोबर आजीच्या खाटेच्या मागे भिंतीच्या पायथ्याशी पडतंय. भिंतीच्या ओलीवरचे पन्नासेक व्हिडिओ मी पाहिले असतील. पावसात बाहेर उभं राहून घराकडे बघा, असं सांगणारा त्यात एकही नव्हता. बघण्याचे पैसे पडत नाहीत, हे कारण असेल.

आता दुसऱ्या बाजूचीही उलटतपासणी करायला हवी, कारण हल्ली माझ्या फोनवर चुन्याची रील्स येतात. सतार, उन्हाची तिरीप, तागाचे कपडे घातलेलं जोडपं आणि चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ मिसळतानाचे क्लोज-अप. खाली 'आपले पूर्वज किती शहाणे होते'. ही जाहिरात मला पहिलीपेक्षा फार वेगळी वाटत नाही. तिथे डबा जादू करतो, इथे पूर्वज करतात. गूळ-हिरडा खोटा नाही, जुन्या चुन्यात ते घालत हे खरंच. पण घाणीचा चुना म्हणजे बैलांनी दगडी चाक गोल फिरवत तासन्‌तास मळलेला चुना आणि सुरखी. तो श्रमाचा भाग रीलमध्ये कापला जातो. चुना सावकाश घट्ट होतो, त्याला दिवसेंदिवस ओलसर ठेवावं लागतं, डोळ्यांत उडाला तर इजा होते, आणि तो लावता येणारा गवंडी शोधायला आम्हाला चार महिने लागले. शिवाय पूर्वज शहाणे म्हणून चुना वापरत नव्हते, दुसरं काही फारसं नव्हतं म्हणून वापरत होते. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824चं, ते भारतात पोरबंदरला बनू लागलं 1914मध्ये. पणजोबांना परवडलं असतं तर त्यांनी सिमेंटच घेतलं असतं, याची मला खात्री आहे. ते हौशी गृहस्थ होते.

चुन्याच्या बाजूचं खरं म्हणणं साधं आहे. विटेपेक्षा मऊ, विटेपेक्षा सच्छिद्र असा गिलावा हवा, म्हणजे पाणी आणि मीठ त्याच्यातून बाहेर पडेल आणि झिजायचंच तर गिलावा झिजेल, वीट वाचेल. आजोबांचं दर दिवाळीला चुना मारणं हे रंगकाम नव्हतं, ती देखभाल होती. चुना तीव्र अल्कलीधर्मी असल्यामुळे बुरशीलाही आवर बसतो. विल्यम मॉरिस यांनी 1877मध्ये स्थापन केलेली जुन्या इमारतींच्या जतनाची ब्रिटिश संस्था आजही जुन्या भिंतींसाठी हेच सांगते. आणि लॉरी बेकर यांनी तिरुअनंतपुरममध्ये बांधलेल्या इमारतींत विटेला कितीतरी ठिकाणी गिलावाच नाही. केरळच्या पावसात त्या उभ्या आहेत, कारण गिलाव्याचे वाचवलेले पैसे आणि अक्कल दोन्ही त्यांनी छपराच्या वळचणीत घातली. पाणी भिंतीपर्यंत येऊच द्यायचं नाही, हा खर्चाचा अग्रक्रम मला मोलाचा वाटतो.

आणि डब्याला न्याय द्यायचा तर, काँक्रीटच्या गच्चीवर तो आपलं काम करतो. तिथे पाणी वरून येतं आणि थर पाण्याच्या आणि स्लॅबच्या मध्ये बसतो. पुण्यात काकाच्या वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती अशाच एका थराने थांबली. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तर भिंत फोडायची मुभाच नसते. त्याने कॅलेंडर लावावं, मी त्याला हसणार नाही. डबा बदमाश आहे असं मला म्हणायचं नाही. तो ज्या भिंतीसाठी बनलाय त्या भिंतीची गोष्ट सांगून आमच्या भिंतीला विकला जातो, एवढीच माझी हरकत.

डिसेंबर 2023मध्ये आम्ही टाइल्स फोडल्या, सिमेंटचा गिलावा छिन्नीने काढला. त्याच्याबरोबर विटांचे पापुद्रेही निघाले. सिमेंट इतकं घट्ट धरून होतं की सोडताना विटेची कातडी घेऊन गेलं. हा भाग लिहायला मला आवडत नाही, कारण ते नुकसान भरून येत नाही. बाहेर रस्ता खाली नेणं आमच्या हातात नव्हतं. पण भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये हातभर रुंदीची पट्टी आमच्या मालकीची आहे. तिथलं काँक्रीट फोडून जोत्याचा दगड दिसेपर्यंत खणलं, खडी भरली, उतार काढून पाणी गटारीला जोडलं. पन्हळ बदलली. शेजारचे म्हणाले, खंदक खणताय, आता मगरी सोडा. या सगळ्याला मी 2019मध्ये घातलेल्या पैशांच्या निम्मेही लागले नाहीत. बाबांनी मात्र त्याच महिन्यात एका बिल्डरला घर दाखवलं होतं. 'ओल काही जात नाही' हे एकच कारण त्यांनी दिलं, आणि तो विषय अजून बंद झालेला नाही.

भिंत तेव्हापासून उघडी आहे. जाड भिंतीला वाळायला साधारण इंचाला एक महिना, असा ठोकताळा आहे. म्हणजे आमच्या चौदा इंचांना चौदा महिने, मधला पावसाळा धरला तर जास्तच. अशा भिंतीची जाहिरात कुणी करू शकणार नाही. तिच्यात काहीच घडत नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाते, ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारते आणि तारीख लिहिते. पहिली रेघ एकोणिसाव्या थराच्या विटेवर होती. पहिल्या उन्हाळ्यात ती तेराव्यावर आली, पावसाळ्यात परत पंधरावर गेली. त्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत, पण बिल्डरचं कार्ड त्यांनी फ्रीजवर लावून ठेवलं. गेल्या रविवारी रेघ अकराव्या थरावर होती.

आजीला फोन करून सांगितलं. तिला थरांचा हिशेब कळेना. ती म्हणाली, "माझ्या खाटेच्या वर आहे का खाली, ते सांग."

वर. अजून चार विटा.